संवादी ऑनलाइन प्रशिक्षण : साधनांची निवड कशी करावी?

पूर्वी एखाद्या मंडळाला प्रशिक्षण शिबिर घ्यावयाचे झाले तर एक सभागृह, एक फळा, एक जाणकार मार्गदर्शक आणि चहापाण्याची सोय एवढे असले की काम भागत असे. आज तेच शिबिर मोबाइलवरून घेता येते. मुंबईत नोकरी करणारा सभासद, पुण्यात वसतिगृहात राहणारा विद्यार्थी आणि गावाकडील शिक्षिका एकाच पाठाचा लाभ घेऊ शकतात. ही सोय निश्चितच मोठी आहे. परंतु ही सोय हाती आल्याबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. बाजारात शेकडो सॉफ्टवेअर साधने आहेत, प्रत्येक साधनाची जाहिरात तेच सर्वोत्तम असल्याचे सांगते, आणि संस्थेजवळ पैसा, वेळ व तंत्र जाणणारी माणसे या तिन्ही गोष्टी मोजक्याच असतात. अशा वेळी निवड कशी करावी, याचा पद्धतशीर विचार सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर मांडावा, हा या लेखाचा उद्देश आहे.

१. 'संवादी' म्हणजे काय?

व्हिडिओ तयार करून व्हॉट्सअॅपच्या गटावर पाठविला म्हणजे प्रशिक्षण झाले, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. पाहणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या पाठात शिकणाऱ्याला मध्येच थांबून उत्तर द्यावे लागते, निर्णय घ्यावा लागतो, चूक झाली तर ती का झाली हे लगेच कळते आणि पुन्हा प्रयत्न करता येतो, त्या पाठास संवादी पाठ म्हणावे. नुसते 'पुढे' हे बटण दाबावयास लावणे म्हणजे संवाद नव्हे.

याला संशोधनाचा आधार आहे. रोडिगर व कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून नंतर आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतर परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. पण आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटे झाले. ज्यांनी आठवून लिहिले होते, त्यांच्या लक्षात अधिक राहिले. याचा अर्थ असा की प्रश्न हा केवळ परीक्षेसाठी नसतो. प्रश्न हेच शिकविण्याचे एक साधन आहे. म्हणून साधन निवडताना 'यात चित्रे किती सुंदर हलतात' हे पाहण्याऐवजी 'यात विचार करावयास लावणारे प्रश्न किती प्रकारे विचारता येतात' हे प्रथम पाहावे.

२. थोडा इतिहास आणि त्यातील धडा

संगणकाद्वारे शिकविण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने १९६० मध्ये 'प्लेटो' नावाची प्रणाली सुरू झाली. पुढे १९७०च्या दशकात तिच्या पडद्यावर बोटाने स्पर्श करून उत्तर देण्याची सोयही झाली. १९८७ मध्ये 'ऑथरवेअर' हे साधन आले. प्रवाहरेषेवर चिन्हे मांडून, प्रोग्रॅमिंग न शिकता पाठ रचण्याची सोय त्यात होती. पुष्कळ वर्षे ते या क्षेत्रात आघाडीवर राहिले. ते पुढे मॅक्रोमीडिया या कंपनीचे झाले, ती कंपनी २००५ मध्ये अडोबीने विकत घेतली, आणि २००७ मध्ये ऑथरवेअरचा विकास थांबविण्यात आल्याचे जाहीर झाले.

याहून मोठी घटना 'फ्लॅश'ची. इंटरनेटवरील हलती चित्रे, खेळ आणि संवादी पाठ यांचा फार मोठा भाग एके काळी फ्लॅशमध्ये तयार होत असे. त्याचा पाठिंबा बंद होणार असल्याचे अडोबीने २०१७ मध्ये जाहीर केले. ३१ डिसेंबर २०२० रोजी तो थांबला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने मजकूर चालविणेच बंद केले. ज्या संस्थांजवळ मूळ मजकूर, ध्वनी व चित्रे वेगळी जपून ठेवलेली होती, त्यांना पाठ नव्याने रचता आले. ज्यांच्याजवळ फक्त तयार झालेली फ्लॅश फाइल होती, त्यांचे श्रम त्या फाइलमध्येच अडकून पडले.

यातून मिळणारा धडा साधा आहे. साधन जाते, मजकूर राहिला पाहिजे. जो पाठ संस्थेने मेहनतीने तयार केला, तो पाठ साधन बदलल्यावरही संस्थेच्याच हाती राहील काय, हा प्रश्न आधी विचारावा.

३. साधनांचे तीन वर्ग

साधनांची नावे ऐकून गोंधळ होतो, याचे कारण वेगवेगळ्या कामांची साधने एकाच यादीत घातली जातात. त्यांचे तीन वर्ग करावेत.

(अ) पाठ रचण्याची साधने : यात प्रश्न, चित्रे, ध्वनी, व्हिडिओ एकत्र गुंफून पाठ तयार होतो. एच५पी, ई-एक्स-ई लर्निंग, आर्टिक्युलेट स्टोरीलाइन, अडोबी कॅप्टिव्हेट, आयस्प्रिंग ही या वर्गातील नावे.

(आ) पाठ चालविण्याची व नोंद ठेवण्याची प्रणाली : कोण दाखल झाले, कोणी पाठ पूर्ण केला, कोणाला किती गुण मिळाले, हे सांभाळणारी ही जणू शाळेची कचेरी. मूडल हे याचे सर्वांत परिचित उदाहरण.

(इ) साहाय्यक साधने : पडदा व आवाज मुद्रित करण्यासाठी ओबीएस स्टुडिओ, आवाज स्वच्छ करण्यासाठी ऑडॅसिटी, साध्या चाचणीसाठी गूगल फॉर्म्स इत्यादी.

पहिल्या व दुसऱ्या वर्गाला जोडणारा दुवा म्हणजे 'स्कॉर्म' हे प्रमाणक होय. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकारातून ते तयार झाले आणि त्याची १.२ ही आवृत्ती २००१ मध्ये आली. स्कॉर्मचा पाठ म्हणजे एक झिप फाइल असते. आत पाठाची पाने आणि त्या पानांची यादी सांगणारी एक सूची-फाइल असते. पाठ सुरू झाला, पूर्ण झाला, इतके गुण मिळाले, शिकणारा येथे थांबला, हे निरोप पाठ ठरलेल्या भाषेत प्रणालीला देतो. त्यामुळे एका साधनात रचलेला पाठ दुसऱ्या प्रणालीत चालू शकतो. १.२ आवृत्तीत 'कोठे थांबला' ही नोंद ठेवण्यासाठी फक्त ४०९६ अक्षरचिन्हांची जागा असते. पाठ फार लांबलचक असेल तर ती अपुरी पडते आणि शिकणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून एक लांब पाठ करण्यापेक्षा पाच छोटे पाठ करणे हिताचे. २०१३ मध्ये 'एक्स-एपीआय' हे नवे प्रमाणक आले. त्यात अधिक बारीक नोंदी ठेवता येतात. परंतु सामान्य संस्थेचे काम स्कॉर्म १.२ वर भागते आणि मूडलमध्येही तीच आवृत्ती सर्वांत भरवशाची ठरते.

४. आधी गरज, मग साधन

विषय नीट समजावा म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, एका कल्याण संस्थेस चाळीस कार्यकर्ते तयार करावयाचे आहेत. या कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरण्यास मदत करावयाची आहे. हे काम किरकोळ नाही. अर्जातील एका चुकीने अर्ज परत येतो, मुदत निघून जाते, आणि ज्या घरात शिष्यवृत्तीवरच कॉलेजचे वर्ष अवलंबून आहे त्या घरातील मुलाचे किंवा मुलीचे शिक्षण धोक्यात येते. म्हणजे येथे प्रशिक्षण चांगले झाले की नाही, याचा निकाल प्रमाणपत्रांच्या संख्येवर लागत नाही. तो बिनचूक अर्जांच्या संख्येवर लागतो.

आता साधनाचे नावही न घेता कागदावर चार गोष्टी लिहाव्यात.

पहिली गोष्ट, शिकणाऱ्याला शेवटी काय करता आले पाहिजे? 'शिष्यवृत्तीची माहिती असणे' हे उद्दिष्ट अपुरे आहे. 'कागदपत्रे पाहून अर्जातील त्रुटी पाठविण्यापूर्वी ओळखता येणे' हे उद्दिष्ट नेमके आहे.

दुसरी गोष्ट, शिकणारा कोण आणि त्याच्या हाती काय आहे? बहुतेकांच्या हाती अँड्रॉइड मोबाइल असतो, संगणक नसतो.

तिसरी गोष्ट, मजकूर किती वेळा बदलणार? उत्पन्नाची मर्यादा, मुदती, कागदपत्रांची यादी, संकेतस्थळाची पाने यांत वेळोवेळी बदल होतात. तेव्हा दुरुस्ती सोपी हवी.

चौथी गोष्ट, नोंद कशाची हवी? चाळीस कार्यकर्त्यांपैकी कोणी कोणता पाठ पूर्ण केला आणि कोणत्या प्रश्नावर बहुतेक जण अडखळले, एवढे कळले तरी पुरे.

या उद्दिष्टासाठी कोणत्या तऱ्हेचा प्रश्न लागेल? एक नमुना पाहा :

'एका विद्यार्थिनीची दोन बँक खाती आहेत. तिने कॉलेजजवळच्या बँकेचे पासबुक आणले आहे. आपण काय कराल?
(अ) पासबुक आहे, तेव्हा अर्ज पुढे भरू.
(आ) कोणते खाते आधारशी संलग्न आहे आणि ते चालू आहे काय, हे आधी तपासू.
(इ) दोन्ही खाती बंद करून तिसरे उघडावयास सांगू.'

'अ' निवडल्यास पाठाने नुसते 'चूक' म्हणून थांबू नये. त्याने सांगावे : 'आधारवर आधारित पद्धतीत रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. हातातील पासबुक कोणत्या बँकेचे आहे, यावर ते ठरत नाही. जोडलेले खाते बंद पडलेले असेल तर रक्कम अडकते.' आणि मग शिकणाऱ्यास पुन्हा निवड करू द्यावी. अशा पाठास शाखायुक्त प्रसंग म्हणतात. आता साधनाविषयीचा आपला प्रश्न नेमका झाला : उत्तरागणिक वेगळे स्पष्टीकरण आणि वेगळी पुढची वाट देता येईल, मोबाइलवर मराठीत चालेल आणि दरवर्षी दुरुस्त करता येईल, असे साधन कोणते?

५. निवडीच्या सात कसोट्या

पहिली कसोटी : मराठी. साधनाच्या माहितीपत्रकात 'सर्व भाषांना पाठिंबा' असे लिहिलेले असले तरी स्वतः तपासावे. 'प्रज्ञा', 'दृष्टी', 'शिष्यवृत्ती', 'दुसऱ्या', 'ऱ्हास' हे शब्द टंकून प्रकाशित केलेला पाठ मोबाइलवर पाहावा. जोडाक्षरे फुटतात काय, वेलांटी जागेवर राहते काय, 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात की हिंदी वळणाचे, हे पाहावे. संस्थेचे जुने अहवाल व टिपणे जुन्या खासगी फॉण्टमध्ये असतील तर ती तशीच चिकटवू नयेत. पडद्यावर मराठी दिसत असले तरी आत रोमन अक्षरेच असतात. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत.

याहून सूक्ष्म अडचण रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नांत येते. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. 'ॲ' हे अक्षरही एकसंध किंवा 'अ'वर चंद्र देऊन अशा दोन प्रकारे टंकले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे असतात. तसेच कोणी अंक देवनागरीत लिहितो, कोणी इंग्रजीत. परिणामी बरोबर उत्तर देणाऱ्याला पाठ 'चूक' म्हणतो, आणि बिचारा शिकणारा स्वतःलाच दोष देतो. यावर उपाय दोन : एकाच प्रश्नाची अनेक बरोबर उत्तरे नोंदविण्याची सोय साधनात असावी, अथवा अशा जागी पर्याय निवडण्याचा प्रश्न द्यावा.

दुसरी कसोटी : मोबाइल आणि डेटा. येथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. सेकंदाला ५०० किलोबिट या वेगाने मुद्रित केलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ सुमारे ३७.५ एमबी होतो. असे सहा व्हिडिओ म्हणजे २२५ एमबी. तेच निवेदन फक्त आवाजात, सेकंदाला ६४ किलोबिट या वेगाने ठेवले तर दहा मिनिटांना सुमारे ४.८ एमबी लागतात. जेथे हालचाल दाखविणे गरजेचे नाही तेथे स्थिर चित्र व आवाज पुरेसा होतो. तसेच पाठ उतरवून घेऊन नेटवर्क नसताना चालविता येतो काय, हेही पाहावे.

तिसरी कसोटी : दुरुस्ती. एक वाक्य बदलावयाचे असेल तर किती वेळ लागतो? मूळ पाठ करणारा कार्यकर्ता नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी गेला तर दुसऱ्यास ते जमेल काय? नियम, तारखा, रकमा या गोष्टी व्हिडिओत बोलू नयेत. त्या मजकुराच्या पानावर द्याव्यात. मजकूर क्षणात बदलतो, व्हिडिओ पुन्हा करावा लागतो.

चौथी कसोटी : मालकी व परवाना. मूळ फाइल संस्थेच्या हाती राहते काय, साध्या एचटीएमएल किंवा स्कॉर्म स्वरूपात पाठ बाहेर काढता येतो काय, वर्गणी बंद केल्यावर काय उरते, हे लेखी नियमांत वाचावे. मुक्त परवान्याच्या साधनांत एक मोठे संरक्षण असते. साधन करणारी कंपनी विकली गेली तरी मुक्त केलेला कोड कोणी परत घेऊ शकत नाही. एच५पी करणारी कंपनी २०२४ मध्ये डीटूएल या कॅनडातील कंपनीने विकत घेतली, तरीही एच५पीचा मुक्त कोड वापरण्याचा सर्वांचा हक्क कायम राहिला. चित्रे व ध्वनी यांच्या परवान्यांचीही नोंद ठेवावी. इंटरनेटवर सापडले म्हणजे ते फुकट वापरता येते, असे नाही.

पाचवी कसोटी : सर्वांना सुलभता. ज्यांना कमी दिसते, ऐकू येत नाही किंवा माउस चालविता येत नाही, अशांनाही पाठ घेता आला पाहिजे. व्हिडिओस मराठी मथळे द्यावेत, चित्रास शब्दांत वर्णन द्यावे. अक्षर व पार्श्वभूमी यांतील उजेडाचा फरक निदान ४.५ : १ असावा, असे वेब सुलभतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. 'ओढा आणि सोडा' तऱ्हेचे प्रश्न दिसावयास आकर्षक असतात, परंतु अनेकांना ते अवघड जातात. त्यांना साधा पर्याय ठेवावा.

सहावी कसोटी : माहितीची गुप्तता. प्रशिक्षणासाठी कार्यकर्त्याचे नाव व संपर्क एवढे पुरते. आधार क्रमांक, जातीचा दाखला, उत्पन्न यांची मागणी करू नये. पाठात दाखविण्यासाठी कोणा विद्यार्थ्याचा खरा अर्ज वापरू नये, बनावट नावाचा नमुना करावा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ यामध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, हे विद्यार्थ्यांसाठी पाठ करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

सातवी कसोटी : एकूण खर्च. 'फुकट' आणि 'बिनखर्चिक' हे शब्द एक नव्हेत. मूडल हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. पण ते ठेवावयास सर्व्हरचे भाडे, नाव-नोंदणी, वेळोवेळी नवी आवृत्ती बसविणे आणि प्रती जपून ठेवणे हे काम कोणीतरी करावेच लागते. उलट महागड्या साधनाची एका वर्षाची वर्गणी देणगीतून भागते, परंतु दुसऱ्या वर्षी देणगी आली नाही तर काय, याचा विचार तेव्हाच करावा.

६. काही साधनांचा परिचय

गूगल फॉर्म्स : खाते असल्यास लगेच वापरता येते. उत्तर आपोआप तपासले जाते, उत्तराप्रमाणे निरनिराळ्या विभागांकडेही नेता येते. परंतु प्रश्नोत्तरांसाठी भरलेले स्पष्टीकरण शिकणाऱ्यास फॉर्म पाठविल्यानंतरच दिसते. म्हणून चाचणीसाठी ते चांगले, शिकविण्यासाठी अपुरे.

एच५पी : नॉर्वेमध्ये तयार झालेले हे मुक्त साधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हिडिओत मध्येच प्रश्न घालणे, शाखायुक्त प्रसंग, प्रश्नसंच, संवादी पुस्तक, स्मरणपत्ते असे अनेक प्रकार त्यात आहेत. मूडल, वर्डप्रेस यांमध्ये ते बसते. 'लुमी' या मुक्त कार्यक्रमाच्या मदतीने आपल्या संगणकावरच एच५पी पाठ करून तो एचटीएमएल स्वरूपात साठविता येतो. सर्व प्रकार सारखेच सुलभ नाहीत, म्हणून पाचव्या कसोटीवर प्रत्येक प्रकार वेगळा पाहावा.

ई-एक्स-ई लर्निंग : न्यूझीलंडमध्ये सुरू होऊन पुढे स्पेनमध्ये वाढलेले हे मुक्त साधन आहे. पुस्तकासारखे प्रकरणवार पाठ करावयास ते सोपे पडते. संकेतस्थळ, स्कॉर्म व ई-पुस्तक या स्वरूपांत पाठ काढता येतो. ज्यांचा मजकूर लेखी आहे अशा मंडळांना ते विशेष उपयोगी.

मूडल : ऑस्ट्रेलियातील मार्टिन डगिअमास यांनी सुरू केलेल्या या मुक्त प्रणालीची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. दाखला, चाचणी, चर्चा, गुणपत्रक, प्रमाणपत्र हे सारे त्यात सांभाळता येते. मराठी भाषेचा संच उपलब्ध आहे, मात्र कोणता भाग मराठीत दिसतो व कोणता इंग्रजीत उरतो, हे बसविताना पाहून घ्यावे.

स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट, आयस्प्रिंग : ही व्यापारी साधने मोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांत फार वापरली जातात. स्टोरीलाइन विंडोजवर चालते. आयस्प्रिंग पॉवरपॉइंटमध्येच बसते, म्हणून पॉवरपॉइंट येणाऱ्यास लवकर जमते. पाठ देखणे होतात यात शंका नाही. परंतु वर्गणी संपल्यावर आधी काढून ठेवलेला पाठ चालत राहिला, तरी त्यात दुरुस्ती करता येत नाही. आपल्या उदाहरणात दरवर्षी दुरुस्ती अटळ आहे. तेव्हा ही अडचण लहान नाही. तथापि, या क्षेत्रात नोकरी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी यांपैकी एखादे साधन, परीक्षणासाठी मिळणाऱ्या मुदतीत का होईना, अवश्य शिकावे.

भारतीय प्रयत्नांची दखल येथे घेतली पाहिजे. केंद्र शासनाचे 'स्वयम्' व 'दीक्षा' हे मंच २०१७ पासून आहेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर शिकविणारे छोटे पाठ तयार केले आणि त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिले. त्यांची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे : शिकणारा एका बाजूस पाठ पाहतो, मध्येच थांबवितो आणि दुसऱ्या बाजूस तीच कृती स्वतः करतो. म्हणजे भारी साधन नसतानाही पाठाची रचना नीट असेल तर शिकणारा कृतिशील राहतो.

७. आमची शिफारस

आपल्या उदाहरणातील संस्थेस आम्ही पुढील क्रम सुचवितो.

पहिल्या आठवड्यात कोणतेही साधन न उघडता कागदावर पाठाची संहिता लिहावी. अनुभवी कार्यकर्त्यांना आणि कॉलेजातील शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकांना विचारून अर्ज परत येण्याची कारणे गोळा करावीत. त्यांतील नेहमीच्या दहा कारणांचे दहा प्रसंग करावेत.

दुसऱ्या आठवड्यात त्यांतील एकच प्रसंग दोन साधनांत करून पाहावा. एकदा लुमीच्या मदतीने एच५पीमध्ये आणि एकदा ई-एक्स-ई लर्निंगमध्ये. दोन्हीस वरील सात कसोट्या लावून प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यावेत. मात्र मराठी, मोबाइल आणि मालकी या तीन कसोट्यांत शून्य मिळालेले साधन बाकी गुण कितीही असले तरी बाद करावे. बेरीज करताना हा नियम नसला, तर देखणेपणाचे गुण मूळ उणीव झाकून टाकतात.

तिसऱ्या आठवड्यात पाच कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर पाठ चालवून पाहावा. त्यातील एकाचा तरी मोबाइल जुना असावा आणि एक जण तरी असा असावा की ज्यास संगणकाची सवय नाही. त्यांच्या शेजारी बसून ते कोठे थबकतात हे टिपावे, मध्ये बोलू नये.

त्यानंतरच नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचा विचार करावा. चाळीस जणांसाठी पाठाचा दुवा व शेवटी एक गूगल फॉर्म एवढ्यावर पहिले वर्ष निभावते. शिकणाऱ्यांची संख्या शंभरांच्या पुढे गेली, पाठ वाढले आणि संस्थेत सर्व्हर सांभाळणारी निदान दोन माणसे तयार झाली की मूडल घ्यावे. एकाच माणसावर सर्व परवलीचे शब्द व चाव्या सोपवू नयेत. त्यांची नोंद संस्थेच्या दप्तरी असावी.

आणि शेवटी, प्रत्येक पाठाची संहिता, मूळ चित्रे, मूळ ध्वनी व प्रश्नांची यादी साध्या फाइलींमध्ये, दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी. उद्या साधन बंद पडले तरी पाठ पुन्हा उभा करता येईल.

८. साधनाची मर्यादा

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या : शिकणाऱ्यास ते आवडले काय, तो शिकला काय, त्याच्या वागण्यात ते उतरले काय आणि त्यातून अपेक्षित फळ मिळाले काय. सॉफ्टवेअर पहिल्या दोन पायऱ्या मोजून देते. पुढच्या दोन पायऱ्या मोजण्यासाठी माणसानेच वस्तीत जावे लागते. किती अर्ज परत आले, किती विद्यार्थ्यांच्या खात्यात रक्कम जमा झाली, हे कोणत्याही पाठाच्या गुणपत्रकात लिहिलेले नसते.

तसेच, जो कार्यकर्ता पाठात अडतो त्याने कोणास विचारावे, हेही ठरलेले असावे. पाठाच्या प्रत्येक पानावर मदतीसाठी एका जबाबदार व्यक्तीचा संपर्क आणि आठवड्यातून एक ठरलेली वेळ द्यावी. ज्येष्ठ सभासदांपैकी काहींना मोबाइलवरील पाठ जड जातात. त्यांच्यासाठी त्याच दहा प्रसंगांची छापील पुस्तिका काढावी. पाठ एकच असावा, त्याची रूपे दोन असली तरी बिघडत नाही.

साधनांची नावे बदलत राहतील. आज ज्यांची चलती आहे त्यांतील काही उद्या नसतील. पण नेमके उद्दिष्ट, विचार करावयास लावणारा प्रश्न, आपुलकीने दिलेले स्पष्टीकरण आणि शिकणाऱ्याच्या परिस्थितीची जाण या चार गोष्टी ज्या संस्थेने अंगी बाणवल्या, तिला कोणतेही साधन वापरता येईल. आपल्यातील तरुण विद्यार्थ्यांनी या कामी पुढे यावे आणि येत्या वर्षात निदान एक पाठ पूर्ण करून दाखवावा, ही अपेक्षा आहे.

स्वाध्याय

१. संवादी पाठ आणि नुसता व्हिडिओ यांतील फरक स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. फ्लॅश बंद झाल्याने संस्थांपुढे कोणती अडचण उभी राहिली? त्यावर आधीच कोणता उपाय करता आला असता?
३. सेकंदाला ८०० किलोबिट या वेगाने मुद्रित केलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ किती एमबीचा होईल, याचा हिशेब करा.
४. 'दुसऱ्या' हा शब्द आपल्या मोबाइलवर व मित्राच्या मोबाइलवर टंकून दोन्हींची शोधयंत्रात तुलना करा.
५. आपल्या परिसरातील एखाद्या शासकीय योजनेच्या अर्जात होणाऱ्या तीन नेहमीच्या चुका विचारून घ्या आणि त्यांवर प्रत्येकी एक शाखायुक्त प्रसंग लिहा.
६. वरील सात कसोट्या लावून कोणत्याही दोन साधनांचे गुणपत्रक तयार करा आणि आपली निवड मंडळाच्या बैठकीत मांडा.